सेनाइदाचं लायसन्स

माझ्या भावजयीला लायसन्स मिळालं त्या दिवशी मी तिला घट्ट मिठी मारली, गालाचा मुका घेतला आणि मनात म्हटलं, मेली नापास का नाही झाली!

उगाच गोड बोलून काय उपयोग? पुढे जे झालं ते या एका वाक्यापायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकते. ज्याला नावं ठेवायची त्याने खुशाल ठेवावीत.

माझं नाव एउस्तोलिया. मादेरातल्या द्राक्षबागांमध्ये मला सगळे तोला म्हणतात. अकरा वर्षं मी इलारियो मुकादमाची व्हॅन चालवली. मागे सात बायका, पुढे मी. जानेवारीत छाटणीच्या दिवसांत इथे धुकं असं उतरतं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. त्या धुक्यात काच खाली करून, कान बाहेर काढून मी गाडी हाकायचे. कुठला रस्ता बदामाच्या बागेतून आडवा निघतो, कुठल्या चौकात पोलीस कधी उभा असतो, सगळं तोंडपाठ. बायका म्हणायच्या, "तोला आहे ना? मग झोपा गं." आणि खरंच घोरायला लागायच्या. शेतावर उतरलं की मीही त्यांच्यातलीच, हातात कात्री आणि कंबरेत कळ. पण त्या व्हॅनमध्ये मी कोणीतरी होते.

लायसन्स मात्र नव्हतं. आमच्यात कोणाकडेच नव्हतं. सीमा ओलांडून आलेल्या, कागद नसलेल्या माणसाला या राज्यात लायसन्स मिळायचंच नाही. द्राक्षं मात्र आम्हीच तोडायची, आणि तिथवर उडत जायचं बहुतेक.

माझ्या नवऱ्याचं, रुतिलियोचं, काय झालं? गाडीचा मागचा एक दिवा फुटला होता. पोलिसाने थांबवून लायसन्स मागितलं. ते नव्हतं. मग बोटांचे ठसे, मग मिग्राची, म्हणजे बिनकागदवाल्यांना धरून नेणाऱ्या खात्याची, माणसं, मग बस, आणि सीमेपलीकडे रवानगी. एका दिव्यापायी संसार मोडला. दोन वर्षं फोन करत होता. आता तिकडे आमच्या मुलखात, ओआहाकात, त्याची दुसरी बायको आहे, मुलगा आहे. असो.

तेव्हापासून मला एक सवय लागली. आरशात पोलिसाची गाडी दिसली की हात आपोआप वळतात. जे पहिलं वळण येईल ते घ्यायचं, कुठल्यातरी दुकानाच्या आवारात शिरायचं, इंजिन बंद करायचं आणि खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधायचं. मागच्या सात जणीही तशाच माना खाली घालायच्या. कोणाला सांगावं लागायचं नाही. गाडी निघून गेली की मी चावी फिरवायची आणि गप्पा जिथे तुटल्या तिथून पुन्हा सुरू.

आता सेनाइदा. माझ्या धाकट्या भावाची, अमान्सियोची बायको. नणंद काय, भावजय काय, आमच्यात हाक एकच, कुन्यादा. वरची कोण, खालची कोण, हे हाकेवरून कळत नाही. पण दोघींना माहीत असतं. घर एकच. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागची एक माझी. ही छाटणीला माझ्याच व्हॅनमधून यायची, खिडकीशी बसून. आवाज हळू, हसणं गोड, आणि माझा भाऊ, ज्याला मी आईच्या मागे वाढवला, तो हिच्या तालावर नाचणारा. सहा वर्षांची यारेत्सी आणि रांगणारा धाकटा. माझ्या पोटात तेव्हापासूनच दुखायचं, खोटं कशाला बोलू? तिचा नवरा घरी, मुलं घरी. पण माझ्याकडे गाडी होती आणि तिला ती येत नव्हती. म्हणून आमचं बरं चाललं होतं.

मग दोन हजार पंधरा साल उजाडलं आणि कायदा आला. कागद नसले तरी चालेल, म्हणे. आपल्या देशाच्या वकिलातीचं ओळखपत्र दाखवा, घराचा पत्ता द्या, अंगठा द्या, फोटो द्या, परीक्षा द्या आणि लायसन्स घ्या. ऑफिसबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या. कोणी म्हणालं हा सापळा आहे, कोणी म्हणालं देवाची कृपा आहे. इलारियो मुकादमाने आम्हाला व्हॅनपाशी गोळा केलं.

"नीट ऐका. छाटणी संपून उरलेल्या काड्या तारांना बांधायचं काम सुरू झालं की व्हॅन लायसन्सवाल्याकडेच. वरून हुकूम आहे. आणि कार्ड दाखवायचं. तो तात्पुरता कागद देतात तो नाही चालणार."

"आणि मला नाही मिळालं तर?" मी विचारलं.

"अकरा वर्षं चालवतेस आणि तुला नाही मिळणार? काय चेष्टा करतेस बाई!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याच संध्याकाळी सेनाइदा माझ्या दारात येऊन उभी राहिली. "कुन्यादा, मलाही शिकव ना. यारेत्सीचा दमा उठला की दवाखान्यात न्यायला कोणाकोणाच्या पाया पडायचं? तू नसलीस की माझे हातपाय गळतात."

शिकवली. दर रविवारी, बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत. आणि खरं सांगू? मला फार मजा आली. कारण तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. स्टिअरिंग असं आवळून धरायची, जशी कापायच्या कोंबडीची मान. "ब्रेक गं बये, ब्रेक!" मी ओरडायचे आणि ती गॅसवर पाय द्यायची. एकदा रडली. मी पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "येईल गं, सगळ्यांना येतं." मनात म्हटलं, हिला सात जन्मांत येत नाही. माझ्या तोंडून तेव्हा किती माया ओतू जात होती!

लेखी परीक्षा आम्ही दोघी पास झालो. गाडीच्या परीक्षेला लायसन्सवालं माणूस बरोबर न्यावं लागतं. चर्चमधली तिमोतेया म्हातारी आमच्याबरोबर आली. फार पूर्वी सरकारने बिनकागदवाल्यांना एकदा माफी दिली होती, तिच्याकडे त्या वेळचे कागद आहेत. गाडी तिचीच. पहिला नंबर माझा.

परीक्षक बाई पिकल्या केसांची, मांडीवर लिहायची फळी. मोडक्या स्पॅनिशमध्ये "डावीकडे", "उजवीकडे" एवढंच बोलायची. मी गाडी अशी चालवली, अशी चालवली की पेला भरून ठेवला असता तरी पाणी हिंदकळलं नसतं. बाई दोनदा मान हलवून गेली. मी मनात व्हॅनच्या आरशाला नवी जपमाळ अडकवूनही मोकळी झाले.

आणि आरशात काळी-पांढरी गाडी दिसली.

बिचारा पोलीस आपल्या वाटेने चालला होता. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण मी विचार केलाच नाही. शपथेवर सांगते, जे केलं ते हातांनी केलं. इंडिकेटर दिला, उजवीकडे वळले, टायरच्या दुकानाच्या आवारात शिरले, इंजिन बंद केलं आणि खाली वाकून पर्समध्ये शोधायला लागले.



"सेन्योरा," बाई म्हणाली, "इथे वळायला मी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

मग काय सांगणार तिला? रुतिलियोचा दिवा सांगू? मी पर्समधून रुमाल काढला आणि नाक पुसलं. बाईने माझ्याकडे बघितलं, आरशात बघितलं, आणि मला वाटतं तिला कळलं. पण कळून काय, फळीवर खूण करायची ती केलीच. "गाडी छान चालवता," ती म्हणाली. "पण असं पास नाही करता येत. पुन्हा या." इंडिकेटर तरी दिला होता, एवढंच माझं समाधान.

मग सेनाइदा गेली. वीस मिनिटांनी परत आली ती रडत. मी बाकावर बसले होते. तिचे डोळे बघितले आणि, देवा मला क्षमा कर, माझं काळीज पिसासारखं हलकं झालं. मी उठून पुढे गेले, समजूत घालायची वाक्यंसुद्धा तोंडाशी आली होती.

"पास झाले, कुन्यादा! पास झाले गं!"

त्या मिठीचं मघाशी सांगितलंच.

दोन फेब्रुवारीला कांदेलारियाचा सण आला. तीन राजांच्या दिवशी गोड पावात लपवलेली बाळ येशूची बाहुली अमान्सियोच्या तुकड्यात निघाली होती, म्हणजे रिवाजाप्रमाणे तमाले, मक्याच्या पानात उकडलेल्या पिठाच्या वळकट्या, खाऊ घालायची पाळी आमची. सगळी टोळी अंगणात जमली. तमाले राहिले बाजूला, जो तो सेनाइदाचा तात्पुरता कागद बघत होता. एवढासा कागद, पण हात पुसून घेत होते मेले.

"माझी बायको! पहिल्या फटक्यात!" माझा भाऊ प्रत्येकाला सांगत सुटला होता. मी अकरा वर्षं याला, याच्या बायकोला, याच्या पोरांना फिरवलं, तेव्हा याला एकदाही छाती फुगवावीशी वाटली नव्हती.

आमच्यात रेमेदियोस म्हणून एक आहे, जीभ कात्रीपेक्षा धारदार. ती म्हणाली, "तोला, आता तू ये मागे आमच्यात. घोरायची सवय कर."

"गुरू नापास, चेली पास!" दुसरी ओरडली.

"अगं पण गुरूने टायर तरी बघून घेतले ना दुकानात!"

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले, काय करणार? तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी दात काढून हसले. आणि सेनाइदा काय म्हणाली? सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि म्हणाली, "कुन्यादाने शिकवलं म्हणून. नाहीतर मला कुठलं येतंय?" मेलीने तोरा मिरवला असता तर परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. असल्या चांगुलपणाचं माणसाने करायचं काय?

माझी दुसरी परीक्षा तेरा मार्चला होती. त्याआधी तारीख मिळेना, गर्दीच तेवढी होती. कार्ड पोस्टाने येतं, तीन-चार आठवड्यांत. म्हणजे तिचं आधी येणार. ते आलं की ती मुकादमाला दाखवणार आणि मुकादम व्हॅनची चावी तिच्या हातात देणार. मी खिडकीशी बसणार. मग माझ्याकडे राहिलं काय? नवरा नाही, मूल नाही, भाऊ बायकोचा. एक स्टिअरिंग होतं, तेही हिने घ्यायचं?

कार्डाचं पाकीट आलं त्या दिवशी मी घरी आधी पोहोचले. सेनाइदा शाळेपाशी उतरायची, यारेत्सीला घेऊन चालत यायची. मी व्हॅन लावली, टपालाची पेटी उघडली. विजेचं बिल, दुकानांच्या जाहिराती आणि पांढरं पाकीट, आत काहीतरी कडक. बोटांनी चाचपलं. कडेकडेने बोट फिरवलं. टेबलावर ठेवायला म्हणूनच आत गेले होते. टेबल ओलांडलं, माझ्या खोलीत शिरले आणि दाराला कडी लावली.

फोडलं. फोटोत ती हसत होती. त्या ऑफिसातल्या फोटोत म्हणे कोणीच बरं दिसत नाही. पण ही दिसत होती.

माझी परीक्षा होईपर्यंतच, मी स्वतःला म्हटलं. मी पास झाले की देऊन टाकीन, म्हणेन शेजाऱ्याच्या पेटीत पडलं होतं. रुतिलियोचं एक जॅकेट मी अजून ठेवलंय. त्याच्या आतल्या खिशात पाकीट सरकवलं आणि बाहेर येऊन बीन्स शिजत टाकले.

पहिल्या आठवड्यात सेनाइदा गमतीने विचारायची, "काय, आला का माझा राजवाड्याचा खलिता?"

"विजेचं बिल आलंय, ते घे राणीसाहेब," मी म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात गंमत संपली. तिच्यानंतर परीक्षा दिलेल्या, गल्लीतल्या दोघांची कार्डं आली. ती येताजाता पेटी उघडायची, आत हात घालून मागची भिंतसुद्धा चाचपायची. एके दिवशी भांडी घासताना म्हणाली, "शुक्रवारी ऑफिसात जाऊन विचारून येते. पत्ता चुकला असेल एखादेवेळी."

 तिथे ही गेली तर खिडकीवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून सांगणार, पाठवलंय बाई, अमुक तारखेला. मग?

"वेडी झालीस का तू?" मी म्हटलं. "आपल्या पायांनी जाऊन त्यांना आठवण करून देणार? सगळ्यांची आली, तुझंच का नाही आलं, विचार केलास? तुझं नाव कोणीतरी बाजूला काढून ठेवलं असेल. तिथे जाऊन उभी राहिलीस की सापडलीस! रुतिलियोला काय झालं ते विसरलीस? नुसता दिवा फुटला होता गं. तू तर त्यांना फोटो दिलायस, अंगठा दिलायस, घराचा पत्ता दिलायस."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ओले हात तसेच धरून उभी राहिली. "पण ते म्हणाले होते की नावं कोणाला देत नाहीत म्हणून."

"म्हणणारच. आम्ही देतो असं कोणी म्हणेल का?"

ती गेली नाही. इतकं सोपं होतं ते. आमच्या लोकांना भीती शिकवावी लागत नाही, नुसतं बोट दाखवलं की पुरतं. मी बोट दाखवलं आणि पुढच्या सकाळी ऐटीत व्हॅन काढली.

मग घरात पडदे ओढलेले राहायला लागले. अमान्सियो पिकअप मागच्या अंगणात लावायला लागला. सेनाइदा कामावर येईनाशी झाली. विचारलं तर म्हणायची अंग दुखतंय. यारेत्सी शाळेत जात नव्हती, का तर सर्दी. दारावर कोणी थाप मारली की पुढच्या खोल्या चिडीचूप. मला दिसत नव्हतं असं नाही. मला बघायचं नव्हतं. माझी परीक्षा जवळ आली होती, काड्या बांधायचं काम दोन दिवसांवर आलं होतं, आणि रेमेदियोस मागून म्हणत होती, "तोलाच बरी गं बाई, हिच्या हातात आपण निवांत." ते ऐकायला इतकं गोड वाटायचं की बाकी काही कानात शिरायचं नाही.

तेरा मार्चला मी पास झाले. रस्त्यावर एकही पोलिसाची गाडी नव्हती म्हणून पास झाले, बाकी काही नाही. तिमोतेया म्हातारीने माझ्या कपाळावर क्रॉसची खूण केली. मी बेकरीत थांबून गोड पाव घेतले, मुलांना आवडतात तसे, वरून गुलाबी साखर लावलेले. वाटेत सगळं ठरवलं. उद्या पाकीट द्यायचं. फाटलेलं कसं, तर पोस्टमननेच तसं दिलं. मुकादमाला मीच सांगेन की सेनाइदाला मुलं लहान आहेत, तिला व्हॅन नको, माझं कार्ड येईपर्यंत माझ्या तात्पुरत्या कागदावरच भागव. सगळ्यांचं भलं.

घरी आले तर पिकअप दारात, गाद्यांनी भरलेली. अमान्सियो वर चढून दोर आवळत होता.

"काय चाललंय हे?"

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "आम्ही वर उत्तरेला, याकिमाला जातोय. सफरचंदाच्या बागा आहेत तिकडे, ओळखीचा माणूस आहे. काल गल्लीत एक पांढरी गाडी दोनदा फिरून गेली. मिग्राकडे या घराचा पत्ता आहे, तोला. तूही इथे राहायचं नाहीस. चल."

सेनाइदा बाहेर आली. महिन्याभरात एवढी वाळली होती आणि मी एकाच घरात राहून आत्ता बघत होते. तिच्या हातात माझी पिशवी होती. "तुझे कपडे भरलेत थोडे. बाकीचे तू बघ, तुझ्या कपाटाला मी हात लावला नाही. आणि कुन्यादा," तिने चावी माझ्यापुढे धरली, "गाडी तूच चालव. रस्ता लांबचा आहे, घाट आहे. तू पुढे असलीस की मला भीती नाही वाटत."

मी चावी घेतली नाही. गोड पावांची पिशवी धरून तशीच उभी राहिले. यारेत्सी पायरीवर बसली होती, ती म्हणाली, "आत्या, गाडीतसुद्धा बूट घालूनच झोपायचं हं."

"बूट घालून?"

"रोजच. आई म्हणते, ते आले तर मागच्या खिडकीतून पळायचं ना, मग बूट शोधायला वेळ नसतो. बाळाचे पण आई घालते."

मी आत गेले. जॅकेटच्या खिशातून पाकीट काढलं आणि बाहेर येऊन सेनाइदाच्या हातात दिलं. तिने कार्ड बाहेर काढलं. आधी हसली. खरंच हसली, "अमान्सियो, आलं बघ!" म्हणून ओरडलीसुद्धा. मग तिचं लक्ष पाकिटाच्या फाटलेल्या कडेकडे गेलं, आणि मग माझ्या तोंडाकडे.

"कधी आलं?"

"तेवीस दिवस झाले."

"कुठे होतं?"

"माझ्याकडे."

अमान्सियो गाद्यांवरून खाली उतरला. त्याने हात उगारला आणि तसाच खाली आणला. मारला असता तर बरं झालं असतं.

"मी विचारायला जाणार होते," सेनाइदा हळूच म्हणाली. "तूच नको म्हणालीस."

"व्हॅन जाईल म्हणून," मी म्हटलं. "मला बघवलं नाही गं. तुझ्याकडे सगळंच आहे."

 अमान्सियोने दोराची गाठ सोडायला घेतली. "चला, उतरवा सामान. कार्ड आलंय, आता जायचं कारण नाही. तुझं माझं मग बघू, तोला."

"दोर सोडू नकोस," सेनाइदा म्हणाली.

"अगं पण आता कसली भीती?"

"ज्यांच्या भीतीने मुलांना बूट घालून झोपवलं ते आलेच नाहीत," ती म्हणाली. "जिने भीती घातली ती या घरात राहते. हिच्याबरोबर मी इथे राहणार नाही, आणि हिला तिकडेही नेणार नाही." आवाज तोच, हळू. तिने माझी पिशवी पायरीवर ठेवली, फेकली नाही. "मुलांना घे. मी चालवते."

"सेनाइदा, मी पाया पडते," मी म्हटलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. अमान्सियोने धाकट्याला उचललं, यारेत्सीचा हात धरला. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. पोरीने तेवढा हात हलवला. मी गोड पावांची पिशवी पुढे केली. त्याने गाडीचं दार लावून घेतलं.

पिकअप इतकी लादलेली होती की मागचं काही दिसत नव्हतं. आमची गल्ली अरुंद, दोन्हीकडे तारेचं कुंपण, मध्ये एक वाकडं वळण, आणि शेजाऱ्याचा ट्रेलर अर्धा रस्त्यात. तिने एकदा उजव्या आरशात बघितलं, एकदा डाव्या, आणि ती एवढी मोठी गाडी मागे घ्यायला लागली. कुठे थांबली नाही, कुठे घासली नाही, एकदाही स्टिअरिंग उलटं फिरवावं लागलं नाही.

माझा सख्खा भाऊ चालला होता, पोरं चालली होती. रडायला हवं होतं. आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? हे मला एका दमात जमलं नसतं. पोटात तीच कळ उठली. रडू आलं ते गाडी दिसेनाशी झाल्यावर.